नावांच्या फलकाचं दार

आज वहीत भाऊजींबद्दल लिहिते. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, पेंटर. बाजारातल्या त्या जुन्या सहामजली इमारतीत शिरलं की डाव्या हाताला काळा लाकडी फलक दिसतो. कुठल्या मजल्यावर कुणाची कचेरी, ते सांगणारा. त्यावरची सोनेरी अक्षरं एकतीस वर्षं भाऊजींच्या हातची.

इमारत मुळात धान्याच्या व्यापाऱ्यांनी बांधली. मधोमध मोकळा चौक आणि वर काचेचं छत, कारण दाणा पारखायचा तो उजेडातच. पुढे विमावाले आले, मग जहाजवाले, आता संगणकवाले. कोणी सोडून गेलं की भाऊजी नाव खरवडत नाहीत. वर काळा रंग देतात आणि त्यावर नवं नाव. त्यांच्या उस्तादांची शिकवणच तशी, "कुणाच्या पोटापाण्याचं नाव खरवडू नये, झाकावं."

झाकून झाकून फलक इतका फुगला की त्याचं काचेचं दार लागेना. नव्या मॅनेजरांनी सांगितलं, सोमवारपर्यंत लाकूड दिसेस्तोवर घासा, नाहीतर तिथे स्क्रीन लावतो.

काल संध्याकाळी भाऊजी तोंड पाडून आले. चहाला हात लावेनात.

"घास की मग," आमचे हे म्हणाले. "तुझीच अक्षरं, तुझाच पॉलिशपेपर."

"वरचे थर माझे, दादा. खालचे उस्तादांचे आहेत."

"दिसतात का कुणाला?"

"मला बोटाला लागतात."

मी दिवा लावायला उठले. आता, मला कुठल्याच देवाला नाही म्हणवत नाही, त्यामुळे आमच्या देव्हाऱ्यात तसबिरींची ही गर्दी. मागे त्याचंही दार लागेनासं झालं होतं. तेव्हा भाऊजींनीच बिजागरीखाली पट्टी ठोकून दार बोटभर पुढे आणलं. हात त्या दारावर गेला मात्र, मी ओरडलेच, "अहो भाऊजी, इकडे या आधी!"

ते दाराकडे बघत राहिले. मग कपाळावर हात मारून म्हणाले, "काखेत कळसा, वहिनी!" आणि गार चहा एका घोटात संपवला.

आज पट्टी ठोकली. मॅनेजरांनी तीनदा दार लावून पाहिलं.

"किती वर्षं पुरेल हे?"

"वर्षांचं नाही सांगता येत, साहेब," भाऊजी म्हणाले. "पण अजून पंधरा भाडेकरू सहज मावतील."