पाळीवरचा निंब

सन २००६. मी त्रेसष्ट वर्षांचा होतो. बायकोला जाऊन वर्ष झालं होतं, पोरगा पुण्याला कंपनीत. बाभुळगावजवळ माझ्या वावरातल्या नाल्यावर मी मातीची पाळ टाकून तळं केलं होतं. ओलितासाठी नाही, पोहायसाठी. गाव हसे, "पाण्यात काय पेरतं गा?" मी म्हणे, वावर माझं, पाणी माझं.

कापसाच्या कर्जानं त्या सालांत गावाचं हसणंही नेलं. माझ्याकडं फक्त यवतमाळची दोन-चार घरं रविवारी येत. ट्यूब घेऊन पोहत, पाळीवरच्या निंबाखाली रोडगे भाजत, मलेही हाक मारत, "काका, या जेवाले." तेवढाच माणसाचा आवाज. बाकी दिवस मी आणि टिटवी.

तो निंब बायकोनं लावलेला. पाळीवर झाड ठेवू नये म्हणतात. मी ठेवलं.

पोळ्यानंतरच्या एका रविवारी पाव्हणे गेले आणि पाळीखालच्या वावरातली विधवा बाई तरातरा वर आली. तिची सारी पराटी, म्हणजे उभा कापूस, माझ्या पाळीच्या पायथ्याशी.

"भाऊजी, खाली येऊन पाहा. पाणी गढूळ येऊन राह्यलं."

गेलो. निंबाच्या मुळाशेजारून पाणी झिरपत होतं. निर्मळ असतं तर बोललो नसतो. गढूळ म्हणजे आतली माती चालली.

"तोडा तो निंब," ती म्हणाली.

"तोडला तर मुळं सडतीन. मंग पाळीत बिळंच बिळं."

"मंग तळं उतरवा."

"पाणी उतरवलं तर पोहायले कोण येईन?"

"नाही आले तं नाही आले! तुमच्या पोहण्यापायी माह्यी पराटी वाहून जाऊ देऊ का? बाई मेली तं तिच्या झाडाले कवटाळून बसले, अन् जित्या बाईनं काय खावं?"

मले राग आला. "जाय, आपलं काम कर," म्हटलं. ती गेली. जाताना वळून पाहिलं नाही.

झाडाखाली बसलो. चुलीतले निखारे अजून गरम होते. पाणी भरलेलं, पाहायले सुंदर. निंब तोडणं माझ्या हातून होणार नव्हतं, अन् तिची पराटी बुडवणंही नाही. राहिलं काय, ते मले दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळ घेतली अन् सांडवा, जादा पाणी नाल्यात जायची वाट, खोल खोदू लागलो. कोणाले मदतीले बोलावलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तळ्यात गुडघाभर पाणी उरलं.