माझ्या नावाची सव्वा मूठ

त्या श्रावणात माझं कशातच मन लागत नव्हतं. नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट. धुळ्यात देवपूरला आम्ही राहायचो आणि मी तिथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवायची. विश्वाच्या उत्पत्तीवर मुलांपुढे तासभर बोला, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं, म्हणून मी हौसेने पुस्तकं आणली. दीर्घिका एकमेकींपासून लांब लांब चालल्या आहेत. म्हणजे मागे मागे जात राहिलं तर सारं काही कधीतरी एकाच ठिकाणी, दाटीवाटीने, भयंकर तापलेलं होतं. पुरावा काय? चूल विझल्यावरही हात नेला की ऊब लागते, तशी त्या आरंभाची उरलेली मंद ऊब आजही आकाशात चहूकडून येते, आणि ती उपकरणांनी मोजलेली आहे. वाचताना अंगावर काटा आला. मग ध्यानात आलं, त्या सगळ्या मांडणीत देव कुठेच लागत नव्हता. मग मी रोज दिवा लावते तो कोणापुढे?

एरवी हे मनातल्या मनात दाबून टाकलं असतं. पण सासूबाईंना, आमच्या अक्कांना, उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू लुळी पडली होती आणि घरची कानबाई, आमच्या खानदेशात श्रावणातल्या एका रविवारी घरी बसवतात ती देवी, यंदा माझ्या हाताने बसायची होती. अक्का खाटेवरून रोज विचारायच्या, "कानबाईनी तयारी व्हयनी का?" मी हो म्हणून तोंड फिरवायची. विश्वास नसताना देवी बसवायची म्हणजे अक्कांना फसवायचं, आणि नाही म्हणावं तर त्यांनी हायच खाल्ली असती. रविवार जवळ येऊ लागला तशी माझी तगमग वाढली. तव्यावर पोळी करपायची, वर्गात खडू हातात धरून मी नुसती उभी राहायची. स्वतःचाच इतका राग यायचा की काय सांगू!

शनिवारी दुपारी रोटांचं, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचं, दळण घेऊन गिरणीवर गेले. आमच्या घरी कानबाईच्या रोटांसाठी प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात, आणि ते रोट भाऊबंदांतच खातात. बाहेरच्याला त्यातला तुकडासुद्धा देत नाहीत. गिरणीवाल्याने त्यासाठी चक्की धुऊन-पुसून ठेवली होती आणि बायकांची ही रांग लागली होती. माझ्यामागे एक अनोळखी म्हातारी काखेत डबा धरून उभी होती. तिने सहज विचारलं, "कितला मानसेस्ना शे वं माय?"

मी बोटं मोजली. अक्का, आमचे हे, दीर, जाऊबाई, तीन पोरं. "सात."

"आन तुनी मूठ?"

अगं बाई! मी स्वतःलाच विसरले होते. विश्वाचा जन्म सांगायला निघालेली मास्तरीण, आणि हिला घरातली आठ माणसं मोजता येईनात! सगळ्यांदेखत मला रडू कोसळलं. घरी जाऊन परत यावं तर वीज जायची वेळ झाली होती.  म्हातारीने आपल्या डब्यातून एक मूठ गहू काढले, वर चिमूटभर आणखी, आणि माझ्या डब्यात टाकले.

"आजी, अहो, हे तुमच्या घरच्या रोटांचे गहू! असं चालत नाही."

"तिले बठ्ठं चालस. रडू नको, दळी ले," ती म्हणाली. म्हणजे देवीला सगळं चालतं. रांगेतल्या दोघी-तिघींनी नाकं मुरडली, पण तोवर गहू मिसळून गेले होते.

घरी आले ती थेट अक्कांजवळ बसले आणि सगळं सांगून टाकलं. परक्या घरचे गहू सांगितले आणि माझा विश्वास डळमळलाय तेही सांगितलं.   अक्का जड जिभेने म्हणाल्या, "तुले पटो नही ते नही पटो. तू फक्त पूजाले बस. पुढलं ती दखी लेई."

रविवारी मी कानबाई बसवली. श्रद्धा परत आली असं म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू? हात जोडून एवढंच म्हटलं, माझं मला कळत नाही, तूच सांभाळ. कित्येक दिवसांनी श्वास जरा मोकळा झाला. पुढे शाळेत बोलताना एका मुलीने विचारलं, "बाई, त्याच्याही आधी काय होतं?" मी "माहीत नाही" म्हटलं, आणि ते म्हणताना मला भीती वाटली नाही. ती म्हातारी मला पुन्हा कधी दिसली नाही. तिचं नावही विचारायचं राहिलं, पण दर श्रावणात तिच्यासाठी हात आपोआप जुळतात.

त्या रविवारी रोटांचा पहिला घास अक्कांनी डाव्या हाताने मला भरवला. त्यात कोणाची मूठ कुठली, ते कोणालाच सांगता आलं नसतं.