कॉलरवरच्या कवट्या

फोल्कमार टीटगेने मंगळवारी लोकांचे जुने फोटो तपासून देणं बंद केलं, त्याला आता बरेच दिवस झाले. तरी गावात कोणी ना कोणी मला विचारतंच, कारण तो बसायचा त्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते. कोणी म्हणतं त्याची नजर गेली, कोणी म्हणतं हार्टविगच्या लोकांनी त्याला दम दिला. दोन्ही खोटं. नजर त्याची अजून घारीसारखी आहे, आणि हार्टविगच्या दमाला माझी मांजरसुद्धा भीक घालत नाही. खरं कारण मला माहीत आहे, कारण मी तिथेच केक कापत उभी होते.

मी आनेग्रेट. खाटकाच्या दुकानात काउंटरवर माझा जन्म गेला, त्यामुळे वेझर नदीकाठच्या या गावात कोणाच्या घरी काय शिजतं हे मला पाठ आहे. दुकान सुटल्यावर रिकामी बसवेना, म्हणून गावाच्या इतिहास मंडळात शिरले. इतिहास म्हणजे काय, तर जुन्या अग्निशामक घराच्या माडीवरची एक खोली, एक शेगडी आणि एक कपाट. दर मंगळवारी दुपारी मी खोली गरम करायची, कॉफी टाकायची आणि आलुबुखारचा केक ठेवायची. आणि फोल्कमार खिडकीजवळच्या टेबलाशी भिंग घेऊन बसायचा.

लोक बुटांच्या खोक्यातून आपापले आजोबा घेऊन यायचे. दुसऱ्या महायुद्धातले फोटो. आजोबा मेलेले, आजी मेलेली, आणि पाठीमागे नाव ना गाव. फोल्कमार भिंगातून बघायचा आणि सांगायचा: हा पायदळातला, हा तोफखान्यातला, हा निरोप्या, हा हवाई दलातला पण विमानात कधी न बसलेला. मेलेली माणसं आणि खायचा केक एका टेबलावर मला आवडायचं नाही. मी तसं म्हणायची, तो बशी हातभर बाजूला सरकवायचा, आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच.

फोल्कमारचं पुरुषांच्या कपड्यांचं दुकान होतं, बापाचं. महामार्गावर ते मोठे मॉल झाले आणि दुकान बसलं. माणूस नाकासमोर चालणारा, बारा महिने वेस्टकोट घालणारा, लग्न न केलेला. मी त्याला चिडवायची, की बायकांच्या कपड्यांचं दुकान काढलं असतंस तर एखादी तरी सापडली असती. तो हसायचा नाही. विनोद समजायला त्याला दोन दिवस लागतात, आणि समजला की तो माझ्या काउंटरवर येऊन तसं सांगून जायचा.

या फोटोंच्या नादाला तो लागला आपल्या बापामुळे. बाप पूर्वेकडच्या आघाडीवर बेपत्ता झाला तेव्हा फोल्कमार रांगत होता. घरात एकच फोटो. आई रोज दाराकडे बघायची, आणि बघता बघता म्हातारी झाली. मोठेपणी फोल्कमारने दुकानातलं कापड तपासायचं भिंग त्या फोटोवर धरलं आणि बापाच्या खांद्यावरचा पलटणीचा आकडा वाचला. तो आकडा बेपत्ता सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या बर्लिनच्या कचेरीला कळवला, आणि वर्षभराने उत्तर आलं की बाप रुमेनियातल्या एका इस्पितळात टायफसने गेला. आई त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणाने रडली. गावात ही गोष्ट पसरली आणि लोक फोटो घेऊन दुकानात यायला लागले.

आमच्याकडे युद्ध हरल्यावर घरोघरी बायकांनी एक काम केलं होतं. सुई घेऊन बसायचं आणि फोटोतल्या नवऱ्याच्या, भावाच्या अंगावरचं स्वस्तिक खरवडून काढायचं. कोणी नखं कापायच्या कात्रीने तेवढा तुकडाच उडवायचं. आमच्या घरच्या फोटोतही मामाच्या छातीला भोक आहे. फोल्कमार म्हणायचा, खरवडलेलं बघून वाईट वाटून घेऊ नका, कुठे खरवडलंय तेच मला बघायचं असतं. साध्या लष्कराचा स्वस्तिक धरलेला गरुड उजव्या छातीवर असायचा, छळछावण्या चालवणाऱ्या नाझी एसएसवाल्यांचा डाव्या दंडावर. पुसणाऱ्या बायकांनीच जागा दाखवून ठेवली होती.

येणाऱ्या प्रत्येकाला एकच ऐकायचं असायचं. आजोबा स्वयंपाकी होते, आजोबा बँडमध्ये होते, आजोबा जखमींना मलमपट्टी करायचे. कधीकधी मला वाटायचं, आमची सगळी फौज पोलंडमध्ये सूप ढवळत आणि ट्रंपेट वाजवतच शिरली होती. फोल्कमार कोणाला निर्दोष म्हणायचा नाही आणि दोषीही म्हणायचा नाही. “कापड सांगतं तेवढंच मी सांगतो,” एवढंच त्याचं. हार्टविग आमच्या नेमबाज मंडळाचा अध्यक्ष. त्याचे आजोबा म्हणे पूर्वेला रहदारी सांभाळायचे. फोल्कमारने बाहीवरचा पानांच्या माळेतला गरुड दाखवला, मनगटाची गडद पट्टी दाखवली आणि सांगितलं की ही पोलिसांची पलटण, अशा पलटणींनी तिकडे माणसं गोळा करून मारली, तुमचे आजोबा कुठे होते ते दप्तरखान्यात विचारा. त्या दिवसापासून हार्टविग त्याला बघून रस्ता बदलतो. फोल्कमारला त्याचं दुःख झालं, पण त्याची झोप उडाली नाही. झोप उडाली ती हेडामुळे.

हेडा ब्रिंकफोर्ट माझ्याच वर्गातली. सरळ पाठीची, आखूड केसांची, गावाच्या वाचनालयात आयुष्य काढलेली. तिचे वडील एरहार्ट युद्धानंतर पूर्वेकडच्या सिलेझियातून निर्वासित होऊन आले, म्हणून त्यांचं आधीचं कोणाला काही ठाऊक नव्हतं. सायकली दुरुस्त करायचे, बोलायचे कमी. आम्ही विशीत होतो तेव्हा रेडिओवर रोज छळछावणीवाल्यांच्या खटल्याच्या बातम्या असायच्या. त्याच दिवसांत हेडाला आईच्या शिवणाच्या डब्यात एक फोटो सापडला. बाप आखूड काळ्या कोटात उभा, आणि कॉलरच्या दोन्ही बाजूंना एकेक कवटी. कवटी म्हणजे एसएस, असंच तेव्हा सगळे धरून चालायचे. तिने त्याच आठवड्यात घर सोडलं.

सोडलं म्हणजे गेली कुठे, तर दोन गल्ल्या पलीकडे. बाप समोर दिसला की टोपीला हात लावायचा आणि ही दुकानाच्या काचेत बघायची. असं वीस वर्षं चाललं. लोथारशी लग्न करताना तिने आधीच सांगितलं की मूल होऊ देणार नाही, हे रक्त माझ्यापाशी थांबलं पाहिजे. लोथार तेव्हा हो म्हणाला. चाळिशी आली तशी त्याला ते सोसेना, आणि तो कासेलच्या एका नर्सबरोबर गेला. त्याला आता दोन मुलगे आहेत. बाप गेला तेव्हा हेडा अंत्यविधीला आली नाही. हार मीच नेऊन ठेवला.

पण एक गोष्ट तिची मानायला हवी. सगळं गाव स्वयंपाकी आणि बँडवाले मिरवत असताना ही एकटी दर नोव्हेंबरला, युद्धातल्या मेलेल्यांच्या स्मृतिदिनाच्या सुमारास, शाळेत जायची, फोटो वर धरायची आणि पोरांना सांगायची, हे माझे वडील, हे एसएसमध्ये होते, असं घरात असतं तेव्हा बघायला शिका. आमच्या गावात खरं बोलणारी बाई एकच आहे, असं मी काउंटरवरून उघड म्हणायची, आणि ज्यांना झोंबायचं त्यांना झोंबायचं.

त्या शेवटच्या मंगळवारी ती खोक्याशिवाय आली. फोटो वाचनालयाच्या स्वच्छ प्लास्टिकमध्ये होता.

“टीटगे, माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही,” ती म्हणाली. “शाळा प्रदर्शन मांडतेय. फोटोखाली पाटी लावायची आहे. मला फक्त पलटणीचं नाव पाहिजे.”

फोल्कमारने भिंग धरलं. बातमी वाईट असली की तो आधी केक मागतो, हे मला माहीत होतं. साधी असली की पटकन सांगून मोकळा होतो. त्या दिवशी दोन्ही झालं नाही. तो उठला, फोटो खिडकीशी नेला, परत आणला, तिरपा केला. मग विचारलं, छातीवर कोणी खरवडलं. आईने, हेडा म्हणाली. वडील कधी गेले, त्याने विचारलं. तिने वर्ष सांगितलं. आणखी एखादा फोटो आहे का? नाही. “बघून झालं का?” हेडा म्हणाली. त्याने एक मिनिट मागितलं आणि शेगडीकडे माझ्यापाशी आला. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता.

हळू आवाजात त्याने सांगितलं की ही एसएसची वर्दीच नाही. साध्या लष्करातल्या रणगाडेवाल्यांची आहे. काळा आखूड कोट त्यांचा, आणि कवट्याही त्यांच्याच, जुन्या घोडदळाकडून आलेल्या, दोन्ही कॉलरवर. एसएसवाल्यांची कॉलर वेगळी, आणि त्यांचा गरुड दंडावर. इथे दंड कोरा आहे आणि हेडाच्या आईने उजवी छाती खरवडली आहे. फोटो उलटा छापला गेला असेल, अशीही त्याला आशा होती, म्हणून कोटाची कुठली बाजू कुठल्यावर येते ती घडी बघितली. ती कुठल्याही पुरुषाच्या कोटासारखी बरोबर होती.

मी म्हटलं, मग सुंठीवाचून खोकला गेला की, बाई सुटली. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी गिऱ्हाइकाला मटण कमी तोललं होतं. आणि मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. टोपीला हात लावून उभा असलेला तो म्हातारा मला दिसला, आणि लोथारची दोन पोरं.

“सांगू नकोस,” मी म्हटलं. “एखादं नाव ठोकून दे आणि पाठव तिला घरी.”

“ती दर वर्षी पोरांना दाखवते.”

“दाखवू दे. युद्ध वाईट होतं एवढं तर कळतं ना पोरांना? त्यांचं काय बिघडतं?”

“मेलेल्या माणसाच्या अंगावर दुसऱ्याचा कोट आहे, आनेग्रेट.”

मी त्याला आणखी बोलले. म्हटलं, तुझं खरं तुझ्यापाशी ठेव, दर वेळी दुसऱ्याच्या घरात नेऊन टाकायलाच पाहिजे असं नाही. आजही मला वाटतं की माझंच बरोबर होतं. आणि रोज सकाळी उठल्यावर वाटतं की त्याचंही चूक नव्हतं. तो टेबलाशी जाऊन बसला आणि त्याने सांगितलं. कॉलर दाखवली, छाती दाखवली, दंड दाखवला, हळूहळू, कापड दाखवावं तसं.

हेडा शेवटपर्यंत ऐकत होती. झाल्यावर तिने विचारलं, “म्हणजे ते निर्दोष होते?”

“तसं मी म्हटलेलं नाही. ते रणगाड्यावर होते. कुठल्या गावांवरून गेले, तिथे काय केलं, ते यात नाही. साध्या लष्कराचेही हात कुठे स्वच्छ होते? पण तुम्ही म्हणता त्यांच्यातले ते नव्हते.”

शेगडीवर पाणी उकळत होतं. मला ते बंद करायचं सुचलं नाही.

“ते म्हणाले होते,” हेडा म्हणाली. “जेवत होते. मी फोटो ताटाशेजारी ठेवला. म्हणाले, अगं पोरी, ही रणगाड्याची वर्दी आहे, मी त्यांच्यातला नव्हे. मी म्हटलं, सगळे हेच म्हणतात.”

फोल्कमारने भिंग टेबलावर ठेवलं.

“पुन्हा कधीच म्हणाले नाहीत. वीस वर्षं दोन गल्ल्यांवर राहिले आणि पुन्हा म्हणाले नाहीत. का नाही म्हणाले?” ती आमच्या दोघांकडे बघत होती, जणू आम्हाला माहीत असावं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, तर तिने तो बाजूला केला. मग तिने टेबलावरचं भिंग उचललं आणि फोल्कमारच्या हातात दिलं.

“पुन्हा बघा.”

“हेडाबाई, मी नीट बघितलंय.”

“तुमच्याकडे लोक येतात, त्यांना आपला माणूस चांगला निघायला हवा असतो. मला तसं नकोय. रणगाडा होता ना? गावं जाळली असतील. माणसं चिरडली असतील. काहीतरी केलंच असेल ना त्यांनी?” तिचा आवाज चढला नव्हता. वाचनालयात बोलायची तसाच होता. “एवढं तरी शोधून द्या मला.”

तिने फोटो त्याच्यासमोर सरकवला. फोल्कमारने भिंग डोळ्याला लावलं आणि वाकून बघत बसला, बराच वेळ, आणि ती समोर खुर्चीवर त्याच्या तोंडाकडे बघत बसली. काय सापडणार होतं बिचाऱ्याला.