पालथी विणलेली टोपली

ऑस्ट्रेलियात, शहराच्या टोकाला असलेल्या वेरिबीला आम्ही घर घेतलं ते अठ्ठ्याहत्तर साली. मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायचे, नवरा इंजिनिअर, मुलगी तीन वर्षांची. शेजारच्या घरात साठी ओलांडलेली एक बाई एकटीच राहायची. बुटकी, रुंद चेहऱ्याची, पांढऱ्या केसांची एक वेणी. मला ती चिनी वाटली, तिला मी फिजीची वाटले. कुंपणाशी उभ्या राहून आम्ही एकमेकींचे गैरसमज दूर केले. ती हैडा होती. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे, समुद्रात या लोकांची बेटं आहेत. तरुणपणी एका ऑस्ट्रेलियन खलाशाशी लग्न करून ती इकडे आली होती. तो वारून चार वर्षं झाली होती.

माझ्या मुलीला तिने सांगितलं, "मला नानी म्हण. आमच्यात आजीला नानीच म्हणतात."

मी हसायलाच लागले. हिंदीत आईच्या आईला काय म्हणतात ते सांगितल्यावर तीही हसली. मग आमच्या घरात ती सगळ्यांची नानी झाली, नवऱ्याचीसुद्धा.

एका दुपारी ती मागच्या अंगणात बसलेली दिसली. समोर जमिनीत एक खुंट रोवलेला, त्याच्या डोक्यावर लाकडी ठोकळा आणि ठोकळ्यावर पालथी टोपली. टोपलीच्या कडेने बारीक दोऱ्यांसारख्या ओल्या मुळ्या खाली लोंबत होत्या आणि तिची बोटं त्यांच्याभोवती दोन-दोन मुळ्यांचा पीळ घालत गोल फिरत होती. वसईला माझ्या वडिलांची केळीची वाडी होती. बाजारात बुरूड पाट्या विणताना मी लहानपणापासून पाहिले होते. पण ते टोपली सुलटी धरायचे.

"पालथी का?" मी विचारलं.

"हैडा बायका अशाच विणतात," ती म्हणाली. "माझी मावशी अशीच विणायची."

त्या मुळ्या स्प्रूस नावाच्या झाडाच्या. तिच्या बेटांवर ही झाडं शेवाळात आणि वाळूत वाढतात, त्यामुळे मुळ्या सरळ आणि लांबच लांब. टोपली इतकी घट्ट होते की पाणी गळत नाही. मला ते खरं वाटलं नाही. तिने आतून एक जुनी टोपली आणून नळाखाली भरली आणि माझ्या हातात दिली. मी पाच मिनिटं ती धरून उभी होते. बाहेरून नुसती ओलसर झाली, थेंब काही पडला नाही.

पुढच्या वर्षी घोळ झाला. तिची भाची दरवर्षी मुळ्यांच्या जुड्या पाठवायची. या वेळी पार्सलऐवजी क्वारंटाइनचं, म्हणजे परदेशातून येणारी झाडंमुळं तपासणाऱ्या सरकारी खात्याचं पत्र आलं. नानी म्हणाली, "तू लॅबवाली, तू चल." मी सुट्टी काढून गेले.

तिथला तरुण ऑफिसर अगदी नम्र होता. त्याने एक जुडी उलगडून दाखवली. मधल्या मुळ्यांना काळी माती चिकटलेली. लॅबमध्ये मीही असलं सॅम्पल घेतलं नसतं.

"माती असली की सोडता येत नाही," तो म्हणाला. "एक तर नष्ट करायचं, नाहीतर परत पाठवायचं. सॉरी."

"परत पाठवा," नानी लगेच म्हणाली. "जाळू नका. माझ्या भाचीने गुडघे टेकून काढल्यात त्या."

ट्रेनमध्ये ती म्हणाली, "त्या मुलीला मीच कधी शिकवलं नाही. मी निघाले तेव्हा ती पाळण्यात होती. कोणाकोणाला विचारून ती मुळ्या काढते, आणि मी इथे बसून मागवते." तिचे डोळे भरले होते. मी तिचा हात धरला. बोटांची टोकं दगडासारखी कठीण होती.

वाट तिथेच संपली असती. पण लॅबमधली एक मैत्रीण म्हणाली, शहराच्या उत्तरेला डोंगरात थंड गावं आहेत, जुन्या लोकांनी तिथल्या बागांत युरोपातली झाडं लावलीत, स्प्रूसही असेल. शनिवारी नानी, मी, नवरा आणि मुलगी गाडीत बसून निघालो. तिसऱ्या बागेत स्प्रूस दिसला. चांगला उंच, काळपट हिरवा. नानी गाडी थांबायच्या आधीच दार उघडायला लागली.

बागेची मालकीण आजीबाईच होती, हातात कात्री आणि पायात गमबूट. आम्ही काय मागतोय ते तिला दोनदा सांगावं लागलं.

"मुळ्या? त्या नाही पुरल्या तर फांद्याही न्या," ती म्हणाली. "नो वरीज."

खणण्याआधी नानीने खोडावर हात ठेवून आपल्या भाषेत काहीतरी म्हटलं. मग बुंध्यापासून लांब जाऊन थोडीशीच माती उकरली, चार मुळ्या घेतल्या आणि माती परत नीट दाबली. "एका झाडाकडून जास्त मागायचं नाही," एवढंच म्हणाली. मुळ्या आखूड होत्या, गाठीच्या. "चिकण मातीत वाढलंय बिचारं. पण चालेल."

मुळ्यांची साल काढायला आधी त्या विस्तवावर धराव्या लागतात. ते काम आमच्या बार्बेक्यूवर झालं. नवरा ॲप्रन बांधून, चिमट्यात मुळ्या धरून उभा होता. रस्त्यावरून जाणाऱ्या शेजाऱ्याने "काय भाजतोस, मेट?" असं विचारलं, तर याने "रूट्स" एवढंच उत्तर दिलं. अंगणभर राळेचा वास पसरला होता. सोललेल्या मुळ्या नानी दातात धरून उभ्या चिरायची, सरळ दोन भाग.

त्या हिवाळ्यात तिने मला शिकवायला घेतलं. मी विणायचे, ती बघायची आणि म्हणायची, "उसव." कधी कधी एका दुपारी तीनदा उसवलं. मुलगी शेजारी बसून तिच्याच सुरात "अनडू इट, मम्मी" म्हणायची. सप्टेंबरात, इकडचा हिवाळा सरताना, माझी टोपली पुरी झाली. नारळाएवढी, एका बाजूला कललेली. मी ती हॉलमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी ठेवली.

"पहिली टोपली ठेवून घ्यायची नसते," नानी म्हणाली. "देऊन टाकायची. मावशीने माझीही देऊन टाकायला लावली होती."

मला फार जिवावर आलं. आठवडाभर मी टाळलं. शेवटी डोंगरातल्या त्या आजीबाईकडे घेऊन गेले. तिने ती उलटसुलट करून पाहिली, बोट फिरवलं, आणि तिथल्या तिथे दोरीवरचे कपड्यांचे चिमटे काढून तिच्यात टाकले. एवढी मेहनतीची टोपली, आणि चिमटे! पण घरी येताना मला वाटलं, वापरातच तर आली ती. मी सबंध वाट खुशीत होते.

पुढच्या वर्षी भाचीचं पार्सल पुन्हा आलं. परत गेलेल्याच मुळ्या, घासूनपुसून स्वच्छ केलेल्या. या वेळी क्वारंटाइनने बिनबोभाट सोडल्या. सोबत भाचीची चिठ्ठी होती: तू येऊन शिकवशील का?

नानी तेव्हा लगेच गेली नाही. इथे घर होतं, नवऱ्याची कबर होती. आणखी चार वर्षं आम्ही दर वसंतात डोंगरात जात राहिलो, दर वेळी दुसरं झाड शोधून. मग पंच्याऐंशी साली एका सकाळी चहा पिता पिता तिने सांगितलं की तिकीट काढलंय. मी रडले. ती म्हणाली, "तुझा पीळ अजून सैल पडतो. रोज बसत जा."

तिथून तिचं पहिलं पत्र आलं ते पावसाबद्दल, माशांबद्दल आणि गुडघेदुखीबद्दल. शेवटी तिने लिहिलं होतं की भाचीसकट सहा जणी तिच्याकडे शिकायला येतात. एकीलाही अजून नीट जमत नाही, पण सगळ्या येतात.