एर्मेलिंदाची काळी शाल

आमच्या गावात एर्मेलिंदाला सगळे वाघीण म्हणत. कसली वाघीण! एकतीस वर्षं ती बाई रोज घाबरली, आणि म्हणूनच तिच्या हातून एकही होडी गेली नाही.

लिस्बनला म्हणे दीपगृहं आहेत. आमच्याकडे एर्मेलिंदा होती. होड्या परतायच्या वेळी टेकडीवर उभं राहून तिनं नदीचं तोंड बघायचं. तिथं पाण्याखाली वाळूचा उंचवटा आहे. त्यावर लाटा फुटू लागल्या की होडीच्या फळ्या होतात, आणि समुद्रातून ते दिसत नाही. वाट मोकळी असली की खांबावर पांढरी चादर, नसली की काळी शाल. त्याबद्दल दर घरातून तिला टोपलीभर तारली मासळी मिळे. नवरा बुडाला तेव्हा टेकडीवर कोणीच नव्हतं. महिना व्हायच्या आत ती स्वतः जाऊन उभी राहिली.

म्हणून होड्या बाहेर असताना टेकडीवर कोणी पांढरं वाळत घालत नाही. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. ठाऊक नव्हतं ते तिच्या सुनेला, अल्झीराला. डोंगराकडची पोर, लग्नाला अकरा दिवस झालेले.

त्या दुपारी अचानक समुद्र खवळला, होड्या लवकर फिरल्या. एर्मेलिंदा काळी शाल घेऊन धापा टाकत टेकडी चढली. बघते तर काय, खांबाशेजारच्या भिंतीवर पांढरीशुभ्र चादर फडफडतेय!

"अगं बये, काय केलंस हे?"

"वर वारा चांगला आहे ना आई," अल्झीरा हसत म्हणाली. "म्हटलं, पटकन वाळेल."

एर्मेलिंदानं चादर ओरबाडून काढली आणि समुद्राकडे बघितलं. पाचही होड्या तोंडाकडे वळल्या होत्या. पहिली तिच्या मुलाची, फिर्मिनोची, आणि ती तर आत शिरलीसुद्धा होती. आत शिरलेल्या होडीनं वळायचं नसतं. वळली की लाट बाजूवर आदळते, खेळ खलास. आता काळं दाखवलं आणि फिर्मिनो वळला तर? आणि नाही दाखवलं, तर मागच्या चार होड्या, वीस माणसं, सरळ लाटांच्या जबड्यात.

"आई, काहीतरी करा ना!" अल्झीराला आता कळलं होतं. "चादर परत लावू का? सांगा ना!"

एर्मेलिंदानं शाल वर केली. डोळे गच्च मिटले.

"देवमाते, त्याला वर बघू देऊ नकोस. माझे आई, एवढं एक कर."

"मागच्या समुद्राकडे फिरल्या!" अल्झीरा ओरडली. एर्मेलिंदाला डोळे उघडायचा धीर होईना. हात भरून आले, तरी शाल खाली आली नाही.

"आला! आई, तो आत आला!"

एर्मेलिंदा पडत-धडपडत वाळूवर पोचली. फिर्मिनो ओलाचिंब, होडी ओढत होता. तिनं त्याची गचांडी धरली.

"वर बघितलंस का रे? खरं सांग."

"बघितलं की. काळं होतं."

"मग वळला का नाहीस मेल्या?"

"तू मला तिथं वळायला सांगशील होय?" फिर्मिनो म्हणाला. "म्हटलं, ते मागच्यांसाठी असणार."

एर्मेलिंदानं त्याला एक सणसणीत थोबाडीत दिली. आणि मग आमची ती वाघीण सगळ्या गावादेखत वाळूत बसून ढसाढसा रडली.