मधली सीट

कुशनवाले नाना कुठलीही सीट गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याआधी स्वतः तिच्यावर बसून एक फेरी मारायचे, आणि तीही डोळे मिटून. गाडीवाल्यानं गाडी चालवायची आणि नानांनी मांडीवर हात ठेवून, शाळेत प्रार्थनेला बसल्यासारखं गप्प बसायचं. शहापुरातल्या त्यांच्या पत्र्याच्या शेडपासून सापगावापर्यंत आणि परत. एखादा खड्डा आला की डोळे न उघडताच म्हणायचे, "डावीकडं काथ्या कमी पडलाय." परत आले की टाके उसवून मूठभर काथ्या आत सारायचे आणि पुन्हा फेरीला तयार. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला हसू आवरेना. म्हटलं, हा माणूस सीट शिवतोय की औषध देतोय?

नाना मूळचे सापगावचे, बौद्ध घरातले. तरुणपणी कल्याणला एका कारखान्यात हे काम शिकले आणि शहापुरात येऊन शेड टाकली. शेडला पाटी नव्हती. शहापूर-मुरबाड भागातल्या निम्म्या जीप, टेम्पो आणि ट्रकमधली माणसं त्यांनी शिवलेल्या सीटवर बसून हिंडत होती, मग पाटी कशाला? अंगानं किडकिडीत, दाभणानं भोकं पडलेली बोटं आणि कानावर कायम खडूचा तुकडा. फोमचं नाव काढलं की तोंड वाकडं करायचे. "फोम दोन पावसाळ्यात बसतो. मग मानसाला खालचा पत्रा लागतो," म्हणायचे.

जुनी सीट उचकटली की तिच्याखाली काय काय सापडतं, ते नानांकडं बघावं. केसांच्या पिना, एसटीची तिकिटं, पोराच्या करगोट्यातलं घुंगरू, कुणाचं लायसन. सगळं ते एका डब्यात गाडीचा नंबर लिहून जपून ठेवायचे. एकदा मुरबाडच्या एका जीपमध्ये सोन्याची कुडी सापडली. जीपवाला म्हणाला, आमच्यात कुणाची नाही. नानांनी ती दीड वर्ष ठेवली, चौकशी करत राहिले आणि शेवटी जीपच्या आधीच्या मालकाच्या सुनेला नेऊन दिली. ती बाई सासरी कुडीवरून किती बोलणी खात होती, ते नानांना तेव्हा कळलं. "दीड वर्स उगाच रडवली रे तिला मी," हेच ते मला सांगत होते. दुसरा कुणी असता तर स्वतःची पाठ थोपटून घेतली असती.

माझं आणि नानांचं जमायचं काही कारण नव्हतं. मला वाट बघणं जमत नाही. चहा उकळेपर्यंत मी तीनदा चुलीपाशी जाऊन येतो. नाना मला लांबून बघूनच म्हणायचे, "आली का घाई?" हे नावच पडलं माझं त्यांच्याकडं. मी चिडायचो, तरी जायचो तिथंच. त्यांच्यासारखं काम दुसरीकडं मिळत नव्हतं आणि खरं सांगायचं तर त्यांनी चिडवलेलं मला आवडायचं.

दोन हजार सालाच्या आसपास मी एक जुना छोटा ट्रक घेतला. आमच्या वैशाखऱ्याच्या बाजूची भेंडी-काकडी कल्याणच्या बाजारात न्यायला. ट्रकच्या केबिनमध्ये माझी सीट, दाराकडं दुसरी सीट आणि दोन्हींच्या मध्ये एक प्लास्टिकचा मोठा डबा. त्यात फडकी, पाने-पक्कड, कागदपत्रं असलं काहीबाही ठेवायचं. कुठं कार्याला निघालो की बायको लहान मुलीला घेऊन पुढं बसायची आणि आई मागं हौद्यात, पाट्यांना धरून. मला ते बघवायचं नाही. आई म्हणायची, "बसू दे तिला. पोर ल्हान हाय. मला मागं हवा लागते." हवा कसली? धुरळा खायची बिचारी. शेवटी मी ठरवलं, डबा काढायचा आणि मध्ये सीट बसवायची.

नानांनी पहिलाच प्रश्न केला, "बसनार कोन?"

"आई."

"मग आईला आन. माप गाडीचं नाय, मानसाचं घ्यायचं असतं."

मी आईला घेऊन शहापूरला गेलो. नानांनी डबा काढून तिथं एक फळी टाकली आणि आईला म्हणाले, "आक्का, घरी बसता तशा बसा. लाजू नका." आई जरा अवघडली आणि मग सवयीनं एक पाय वर घेऊन बसली. नाना खूश झाले. म्हणाले, "बघ, मी नुसती तुज्यासारकी सीट केली असती तर आक्कांचा पाय दिवसभर लटकत ऱ्हायला असता." त्यांनी सीट चार बोटं जास्त रुंद धरली आणि गिअरच्या दांड्याला गुडघा लागू नये म्हणून जरा मागं सरकवली. आई त्या दिवशी त्यांच्या माठातलं पाणी प्यायली आणि तिनं फडक्यात बांधून आणलेली तांदळाची भाकरी आणि बोंबलाची चटणी त्यांच्या हातात दिली. आमच्या घरात तेव्हा ही लहान गोष्ट नव्हती. परतताना आई म्हणाली, "मानूस लय चांगला हाय रे." एरवी ती कुणाला पटकन चांगलं म्हणत नसे.

सीट झाली त्याच दिवशी संध्याकाळी माझ्या मामेबहिणीची हळद होती. मामाचं गाव मुरबाडच्या पलीकडं. आई नवरीची आत्या, ती गेल्याशिवाय हळद लागणार नव्हती. आणि माहेरच्या दारात मुलाच्या ट्रकमधून, पुढं बसून उतरायचं, हे आईच्या मनात कधीचं होतं. सकाळी नानांनी डोळे मिटून फेरी मारली. परत आल्यावर केबिनच्या पत्र्यावर मागच्या दोन बोल्टसाठी खडूनं दोन गोल काढले. पुढचे दोन बोल्ट डब्याच्या जुन्या भोकांत बसले होते, मागची भोकं नवी पाडायची होती. नेमकी लाइट गेली. ड्रिल मशीन बंद. नाना म्हणाले, "चारला येईल लाइट. आता सीट नुसती टेकवलेली हाय. तवर गाडी हलवायची नाय, समजलं ना?" मी हो म्हणालो. ते जेवायला सापगावला गेले.

मी पाऊण तास बसलो. मग खिशातल्या चावीनं गाडी चालू केली आणि निघालो. स्वतःचीच गाडी, पण पळवलीच म्हणायची. कुणाला सांगितलं नाही, चिठ्ठी ठेवली नाही. वैशाखऱ्यापर्यंत रिकामी सीट जागची हलली नाही. मला वाटलं, म्हातारा उगाच बाऊ करतो. हे मी आज पहिल्यांदाच लिहितोय.

घरून निघताना बायको मुलीला घेऊन दाराकडं बसली आणि आई मध्ये, नवं लुगडं नेसून. "मी माज्या पोराच्या बाजूला बसनार," म्हणाली. टोकावडं मागं पडलं आणि एका वळणावर म्हैस आडवी आली. मी ब्रेक दाबला. सीट मागून उचलली गेली आणि आई सीटसकट पुढं आपटली. उजवा हात गिअरच्या दांड्यात अडकला आणि खांद्यापाशी मोडला. ती ओरडली नाही, नुसतं माझं नाव घेतलं. बायकोला आणि मुलीला काही झालं नाही. हळद आत्याशिवाय लागली.

दुसऱ्या दिवशी नाना एसटीनं आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. त्यांना गाडी नेल्याचं चारला कळलं होतं आणि बाकीचं रात्रीपर्यंत. माझे थोरले काका तिथंच होते. ते ताडकन म्हणाले, "म्हाताऱ्या बाईचा हात घालवलास. असल्यांकडं काम द्यायचं नाय, मी आधीच बोललेलो." असल्यांकडं म्हणजे कुणाकडं, ते अंगणातल्या सगळ्यांना कळलं. नानांनाही कळलं.

नाना केबिनमध्ये चढले आणि त्यांनी खालचं पायपुसणं उचललं. खडूचे दोन्ही गोल तसेच होते. काकांनीही ते बघितले, पण काम अर्धवट असताना गाडी कुणी नेली, ते त्यांना गोलांवरून काय कळणार? "मागं बोल्ट का नाय मारलेस?" त्यांनी विचारलं. नानांनी माझ्याकडं बघितलं. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण मला बोलायला पुरला असता एवढा नक्की. मी माझ्या चपलेकडं बघत राहिलो.

"ऱ्हायले," नाना म्हणाले. "काम माज्या शेडमदनं निघालं, म्हंजी माजंच."

त्यांना आईला भेटायचं होतं. काकांनी दारातूनच नको म्हटलं. नाना आल्या एसटीनं परत गेले.

गाडीवाल्यांमध्ये बातमी पसरायला वेळ लागत नाही. नानाची सीट उखडते, असं महिनाभरात मुरबाडच्या स्टँडवर बोललं जाऊ लागलं. चहाच्या टपरीवर एकानं मला तोंडावर विचारलं, "काय रे, तुझ्याच गाडीत ना?" मी म्हटलं, "हो." एवढंच. त्याच्या पुढचं वाक्य माझ्याकडं तयार होतं, पण ते मी चहाबरोबर गिळलं. नानांकडं जाणाऱ्या जीप कमी झाल्या, मग ट्रक. नव्या गाड्या शहापुरातल्या दुसऱ्या दुकानात जाऊ लागल्या, तिथं फोम मिळायचा. आणि आई दर आवणीला बांधावर बसून बायकांना रोप लावताना बघायची आणि म्हणायची, "त्या कुशनवाल्यानं माजा हात नेला. आनि मी त्याला भाकर दिलेली." मी तिथंच चिखलात उभा असायचो. लाज वाटायची, फार वाटायची, पण जीभ काही हलायची नाही.

दोन वर्षांनी एकदा मन घट्ट करून मी शेडवर गेलो. आत फक्त दोन स्कूटरच्या सीट पडल्या होत्या. नानांनी मला बघितलं, बसायला स्टूल दिलं, चहा मागवला. मी म्हटलं, "नाना, त्या दिवशी..."

"आक्कांचा हात वर जातो का?" त्यांनी विचारलं.

"खांद्यापर्यंत."

त्यांनी चार-सहा टाके घातले. मग म्हणाले, "मी लोकांना सांगाया गेलो तर ती सबब व्हते रे. समद्यांनाच वाटनार, हा आपलं झाकतोय. तू सांगितलंस तरच ते खरं. आजच सांग असं नाय. पन सांग."

"सांगतो नाना," मी म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो. रस्त्यात ठरवलंही, आधी आईला सांगायचं, मग काकांना, मग स्टँडवर. घरी गेलो तर आई डाव्या हातानं भात कालवत होती. म्हटलं, आज नको. असे आज नकोचे किती दिवस गेले! साध्या चहासाठी न थांबणारा माणूस मी, आणि हे एकच काम वर्षानुवर्षं पुढं ढकलत राहिलो. पुढं आई गेली. आता आईचं निमित्तही उरलं नव्हतं, तरी मी तोंड उघडलं नाही. नानांची शेड रस्त्यावरून दिसते म्हणून मी शहापूरला दुसऱ्या रस्त्यानं जाऊ लागलो.

नाना गेल्याचं मला भाजीच्या बाजारात एका गाडीवाल्याकडून कळलं. सापगावला त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो. घरापुढं छोटा मांडव, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, वंदना झाली आणि मग प्रथेप्रमाणं एकेकानं उभं राहून नानांविषयी दोन शब्द बोलायला सुरुवात केली. एका बाईनं कुडीची गोष्ट सांगितली, बहुतेक ती तीच सून असावी. मग कुणीतरी म्हणालं, "वैशाखऱ्याहून गाडीवाले आलेत, त्यांनीही बोलावं." मी उठलो. साठ-सत्तर माणसं माझ्याकडं बघत होती. त्यात स्टँडवरचे चार-पाच जण होते. यापेक्षा चांगली जागा मला पुन्हा मिळणार नव्हती, हे मला कळत होतं. "नाना फार प्रामाणिक होते," मी म्हणालो. "त्यांच्या हातात कला होती." आणि बसलो.

निघताना नानांचा मुलगा मला गाडीपर्यंत सोडायला आला. तो नोकरीसाठी नाशिकला असतो, मी त्याला पहिल्यांदाच भेटत होतो. तिशीचा, वडिलांसारखाच किडकिडीत. म्हणाला, "काका, एक बोलायचं होतं. तुमच्या गाडीचं काम बाबांकडून चुकलं. आजींचा हात गेला. आम्ही कितीदा विचारलं, ते कसं झालं म्हणून, पण बाबा त्यावर कधी काही बोलले नाहीत. मनाला लागलं होतं त्यांच्या. तरी तुम्ही आज आलात. बाबांच्या वतीनं मी तुमची माफी मागतो." आणि त्यानं हात जोडले.

म्हणजे घरातसुद्धा सांगितलं नव्हतं त्यांनी. बायकोला नाही, मुलालाही नाही. ते मीच सांगायचं होतं म्हणून त्यांनी तसंच ठेवलं होतं.

मी त्याचे जोडलेले हात माझ्या हातात घेतले. "असू दे," मी म्हणालो. "होतं माणसाकडून कधीतरी."

त्याचे डोळे भरून आले. तो वाकून माझ्या पाया पडला आणि मी त्याला पडू दिलं.