मेहुण्याचा क्लब

ब्रॅकनशॉमध्ये गालिचा घ्यायचा तर नॉरिस हॅवर्थकडे जायचं, आणि फुटबॉल क्लबच्या अध्यक्षाची निंदा ऐकायची तरीही त्याच्याचकडे जायचं, असा गावाचा रिवाज होता. गिऱ्हाईक जिन्याचं माप सांगायला लागलं की नॉरिस खडू कानावर अडकवून म्हणे, "तेरा पायऱ्या ना? मग तेराचाच माल देतो. हॅलिवेल असता तर बाराचा आणून तेरावी पायरी तुम्हाला उडी मारून ओलांडायला लावली असती."

लोक हसत. हॅलिवेल म्हणजे क्लेम हॅलिवेल, ब्रॅकनशॉ टाउन क्लबचा अध्यक्ष आणि नॉरिसच्या बायकोचा, डोरीनचा, धाकटा भाऊ. हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे हसण्याला जरा जास्तच धार असे.

नॉरिसचं पोट दुखायला कारण होतं. सहाव्या वर्षापासून तो बापाचा हात धरून रेल्वेकडच्या उतारावर उभा राहून सामने बघत आला होता. उलट क्लेमला फुटबॉलचं सोयरसुतक नव्हतं. तो न्हाणीघराच्या फरशा विकायचा आणि शनिवारी दुपारी झोपायचा. ब्याऐंशी साली क्लब बुडाला. बँकेने जाहीर केलं की कोणी कर्जासकट पत्करणार असेल तर एका पौंडात क्लब घेऊन जा. नॉरिस आठवडाभर विचार करत राहिला. हिशेबनिसाला भेटला, रिकाम्या मैदानाला चकरा मारून आला, रात्री कूस बदलत राहिला. शेवटी डोरीनला म्हणाला, "उद्या जाऊन हो म्हणतो." त्याच दिवशी दुपारी क्लेमने फरशांचा ट्रक उतरवून घेतला, हात धुतले, बँकेत जाऊन सह्या केल्या आणि चहाला घरी परत आला.

रविवारी बहिणीकडे जेवायला बसल्यावर क्लेम म्हणाला, "बंद पडला असता. कोणीतरी घ्यायला हवा होता. तू घेणार होतास का?"

"छे," नॉरिस म्हणाला, आणि बटाट्यांवर रस्सा ओतत राहिला.

ते "छे" माशाच्या काट्यासारखं त्याच्या घशात अडकलं ते अडकलंच.

बरं, क्लेमने क्लब बुडवला असता तर नॉरिसला चार दिवस सुखाची झोप लागली असती. पण तेही नाही. क्लेम अंथरूण पाहून पाय पसरणारा माणूस. तिकिटांचे जेवढे पैसे येत त्याच्या आतच तो पगार बसवी. गवत कापायचं यंत्र क्रिकेट क्लबने टाकून दिलेलं. दरवर्षी एक चांगला खेळाडू विकायचा, दोन पोरं खालच्या गावांतून फुकटात आणायची. संघ तिसऱ्या विभागात राहिला, वर गेला नाही की खाली पडला नाही, आणि पाच वर्षांत बँकेचं निम्मं कर्ज फिटलं. लोक त्याला चिंगूस म्हणत. नॉरिस त्यांच्याहून मोठ्याने म्हणे.

आणि सौदा करायची त्याची ती तऱ्हा! स्टँडखालच्या त्याच्या खोलीत हीटरची एकच कांडी पेटलेली असे. पाहुण्याला पाणचट चहा आणि एक बिस्किट. क्लेम स्वतः ओव्हरकोट घालून बसे आणि कधीही आधी आकडा सांगत नसे. समोरच्याने आकडा सांगितला की "हं" एवढंच म्हणून खिडकीबाहेर बघे. बघतच राही. थंडीने आणि त्या शांततेने कावून पाहुणा आपणच आकडा वाढवी. मग क्लेम हळूच विचारी, "आणि पुढे तुम्ही याला विकलात तर त्यात आमचा वाटा किती?"

डोरीनच्या आग्रहाखातर क्लेमने मेहुण्याला संचालक मंडळावर घेतलं होतं. काम एवढंच, की सामन्याच्या दिवशी पाहुण्या संचालकांना सँडविचं खायला घालायची. त्यामुळे हे सगळं नॉरिसला दारातून दिसे. बघून त्याची आग होई, कारण क्लेमची ती युक्ती दर वेळी लागू पडे.

शनिवारी संध्याकाळी जिल्ह्याच्या रेडिओवर चाहत्यांचे फोन घेत. नॉरिस दुकानाच्या मागच्या खोलीतून, तोंडावर रुमाल धरून, वॉल्टर या नावाने फोन करू लागला.

"बोला वॉल्टर," निवेदक म्हणे. "आज काय तक्रार?"

"तक्रार तीच. अध्यक्षांना धंदा कळत नाही. मी गालि... मी एखादी वस्तू विकली, तर पुढे त्या माणसाने ती दुसऱ्याला विकल्यावर मी त्याच्या दारात वाटा मागायला जातो का? भिकेची लक्षणं आहेत ही. मोठ्या क्लबांशी मोठेपणाने बोलावं लागतं."

डोरीन घरी इस्त्री करताना हे ऐके आणि काही बोलत नसे. एका रविवारी क्लेमच म्हणाला, "रेडिओवर तो वॉल्टर आहे ना, बरा बोलतो. फक्त त्याचं नाक चोंदलेलं वाटतं. डॉक्टरला दाखवायला हवं त्याने."

नॉरिसने मान वर केली नाही. डोरीनने घाईघाईने आणखी गाजरं वाढली.

नव्वद सालच्या मार्चमध्ये केनी ऑग्डनचं प्रकरण आलं. केनी वीस वर्षांचा, खाणमजुराचा मुलगा, पायात वीज. लंडनच्या एका मोठ्या क्लबला तो हवा होता. खेळाडूंची देवघेव त्या गुरुवारी संध्याकाळी पाचला बंद होणार होती, आणि सोमवारी क्लेमच्या पित्ताशयातले खडे दुखू लागले. त्याला इस्पितळात नेलं. मंगळवारी त्याने नॉरिसला बोलावून घेतलं. चेहरा पिवळा पडला होता.

"लंडनचा कॅलो परवा येतोय," क्लेम म्हणाला. "तू बस त्याच्यासमोर."

"मी?"

"तू नेहमी म्हणतोस ना, मी असतो तर. मग बस. दोनच गोष्टी सांगतो. आधी बोलू नकोस. आणि साडेचार वाजेपर्यंत सही करू नकोस. घाई त्यांना आहे, आपल्याला नाही."

नॉरिस बाहेर पडला तेव्हा त्याचा ऊर भरून आला होता. पण ते प्रेम नव्हतं. आठ वर्षं ज्या खुर्चीकडे तो दारातून बघत होता ती आता त्याची होती, आणि क्लेमने सांगितलेलं एकही वाक्य पाळायचं नाही असं त्याने जिना उतरताउतरताच ठरवलं.

गुरुवारी त्याने स्टँडखालची ती खोली उघडलीच नाही. कॅलोला त्याने स्टेशनवर स्वतः गाडीने घ्यायला जाऊन थेट ब्लॅक बुल हॉटेलात नेलं. भाजलेलं गोमांस मागवलं, फ्रेंच वाईन मागवली. कॅलो गोरटेला, गोड बोलणारा माणूस. तो म्हणाला, "खरं सांगू, मिस्टर हॅवर्थ, मी लोकरीचे मोजे घालून आलोय. तुमच्या अध्यक्षांच्या खोलीबद्दल फार ऐकलंय."

नॉरिस खदखदून हसला. इतक्या वर्षांत क्लेमवर कोणी इतका सुरेख विनोद केला नव्हता.

"आम्हाला साडेचार हवेत," नॉरिस स्वतःहून म्हणाला. साडेचार म्हणजे साडेचार लाख पौंड. ब्रॅकनशॉने तोवर कोणालाच दोनच्या वर विकलं नव्हतं.

कॅलोने ओठ पुसले. "जास्त आहेत. पण तुम्ही मोकळेपणाने बोललात, मीही बोलतो. मान्य." मग थोडं थांबून म्हणाला, "हॅलिवेलसाहेब नेहमी पुढच्या विक्रीत वाटा मागतात म्हणे. तुमचंही तसंच का?"

नॉरिसने हातातला ग्लास खाली ठेवला. क्लेमचा तो ओव्हरकोट, ते बिस्किट, तो हळू आवाज त्याच्या डोळ्यांपुढे आला. "आम्ही तसले भिकारी नाही, मिस्टर कॅलो," तो म्हणाला. "विकलं ते विकलं."

"वा," कॅलो म्हणाला, आणि त्याने स्वतःच्या पैशाने दुसरी बाटली मागवली.

दुपारी दीडच्या आत सही झाली. नॉरिस तरंगतच इस्पितळात गेला आणि क्लेमच्या पलंगाशी उभा राहून त्याने आकडा सांगितला. त्याला क्लेमच्या चेहऱ्यावर काहीतरी बघायचं होतं. अचंबा चालला असता. थोडा मत्सर दिसला असता तर सोन्याहून पिवळं.

"साडेचार," क्लेम म्हणाला. "छान केलंस. आणि पुढचा वाटा?"

नॉरिस खिडकीकडे बघत राहिला.

"हं," क्लेम म्हणाला. जरा वेळाने त्याने विचारलं, "जेवलास का तू?"

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात आलं: रुग्णशय्येवरून हॅलिवेलचा विक्रमी सौदा. नॉरिसचं नाव कुठेच नव्हतं. बेकरीत, बँकेत, न्हाव्याकडे, जो तो तेच म्हणत होता. न्हावी नॉरिसच्या मानेवर वस्तरा धरून म्हणाला, "तुमचा मेहुणा म्हणजे कमाल आहे. पोटात खडे, हाताला सलाइन, आणि लंडनवाल्याचा खिसा रिकामा. आम्ही उगाच नावं ठेवत होतो."

"तो सौदा मी केला," नॉरिस म्हणाला.

"हो हो, तुम्ही कागद घेऊन गेलात असं ऐकलं," न्हावी म्हणाला.

क्लेम बरा होऊन आला तेव्हा त्याने वर्तमानपत्रवाल्याला सांगितलं की सौदा हॅवर्थने केला. आतल्या पानावर, कबुतरांच्या शर्यतीच्या निकालाखाली, चार ओळी आल्या. शीर्षक होतं: अध्यक्षांचा विनय. नॉरिसने ते वाचलं आणि दोन दिवस डोरीनशीही बोलला नाही.

त्या पैशातून क्लेमने उरलेलं कर्ज फेडलं आणि रेल्वेकडच्या उतारावर छप्पर घातलं. छपराखाली उभे राहणारे लोक आता त्याला चिंगूस म्हणत नसत. वॉल्टरचे फोन चालूच होते, पण निवेदक ते मध्येच तोडू लागला.

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात लंडनच्या क्लबने केनी ऑग्डनला इटलीत विकलं. तेवीस लाख. बातमी कळली त्या सकाळी नॉरिस एका बाईला जांभळ्या रंगाचे नमुने दाखवत होता. त्याने नमुन्यांची चवड खाली ठेवली, आणि त्या बाईला दोनदा विचारावं लागलं की बरं वाटत नाही का.

गाव खवळलं. पाचवा हिस्सा जरी लिहून घेतला असता तरी साडेचार लाखांहून जास्त घरबसल्या आले असते. हॅलिवेल दरवेळी वाटा मागतो, मग नेमका याच वेळी कसा विसरला? कोणी म्हणालं भुलीच्या औषधाचा असर असेल. कोणी म्हणालं वाटा वरच्या वर खिशात गेला असेल. क्लबच्या फाटकावर कोणीतरी रंगाने "कुठे गेले पैसे?" असं लिहिलं. क्लेम स्वतः बादली आणि ब्रश घेऊन ते पुसताना दिसला. वर्तमानपत्रवाल्याला तो एवढंच म्हणाला, "क्लबने घेतलेले निर्णय माझे असतात."

नॉरिसला हे सहन होईना. आपण वाचलो म्हणून सुटकेचा निःश्वास टाकावा, तेही जमेना. कौतुक झालं तेव्हा ते क्लेमने नेलं. आता शिव्या बसत होत्या, त्याही क्लेमच खात होता, आणि त्या खाताना उलट मोठा दिसत होता. डोरीन म्हणाली, "तो तुला पाठीशी घालतोय. निदान आभार तरी मान."

"पाठीशी नाही घालत," नॉरिस म्हणाला. "माझी चूकसुद्धा त्यालाच हवी आहे."

त्या शनिवारी त्याने रुमाल न धरता फोन केला. "मी नॉरिस हॅवर्थ, गालिचेवाला. ऑग्डनचा सौदा मी केला. वाटा मागितला नाही तो मी. कॅलोने विचारलं होतं, तरी मीच नको म्हणालो."

निवेदक मवाळपणे म्हणाला, "मिस्टर हॅवर्थ, मेहुण्यासाठी माणूस एवढं करतो, हे ऐकून बरं वाटलं. कुटुंब असावं तर असं. पुढचा फोन घेऊ या."

सोमवारपर्यंत गावात दोन तट पडले होते. एकाचं म्हणणं, हॅवर्थ म्हणजे देवमाणूस. दुसऱ्याचं म्हणणं, हॅलिवेलने बिचाऱ्याला बळीचा बकरा केला. सौदा नॉरिसनेच केला होता, हे कोणालाच पटलं नाही.

रविवारी क्लेम नेहमीप्रमाणे जेवायला आला. कोट खुंटीला लावून बसला. मांस कापताकापता म्हणाला, "जुलैत आपल्या गोलरक्षकासाठी शेफील्डचे लोक येताहेत. बसशील?"

डोरीनचा हात वाडग्यावरच थांबला.

"कशाला?" नॉरिस म्हणाला. "परत माती करायला?"

"तू माणसाला खुलवतोस. मला ते कधीच जमलं नाही. माझ्यापुढे माणूस चिडून आकडा वाढवतो. तुझ्यापुढे खुशीने वाढवेल. साडेचार मी काही आणले नसते." क्लेमने ताट पुढे सरकवलं. "फक्त या खेपेला वाटा माग."

"किती?"

"तू सांग."

"पंधरा टक्के."

"वीस म्हण. पंधरावर येऊ."

हे वाक्य क्लेमला इतक्या सहज सुचावं याचा नॉरिसला राग आला, आणि त्याने त्या रागातच "बरं" म्हटलं.

जुलैत शेफील्डच्या लोकांना त्याने ब्लॅक बुलमध्ये जेवू घातलं. वीस म्हणाला, पंधरावर आला, सही साडेचारला केली. क्लेम शेजारी ओव्हरकोट घालून बसला होता आणि अख्ख्या जेवणात तीनदा "हं" म्हणाला. शुक्रवारी वर्तमानपत्रात बातमी आली: हॅलिवेलने पुन्हा करून दाखवलं. नॉरिसने ती दुकानात उभ्याउभ्या दोनदा वाचली. दुपारी मिसेस थ्रेल्कल्डच्या जिन्यावर नवा गालिचा घालायचा होता. खाली अंथरायला रद्दी कमी पडत होती, तेव्हा त्याने पहिलं पान सरळ करून सर्वांत खालच्या पायरीवर पसरलं आणि त्यावर गालिचा ठोकून टाकला.